‘कमी रक्त म्हणजे गरिबाला रक्त नाकारणं’ असं म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली, आणि खाली दोन ओळीत उरकण्यासारखी ती नाही म्हणून इथं मोकळं लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की हार्टच्या ऑपरेशनमध्ये आता सरसकट बाटल्या चढवत नाहीत, हिमोग्लोबिन साडेसातपर्यंत उतरलं तरी थांबता येतं असं मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं. त्यावर भाऊ म्हणतात, हे आकडे बाहेरच्या धडधाकट लोकांचे, आपल्या बाया नऊ-दहावरच कापूस वेचतात, त्यांना हा आकडा दाखवून रक्त नाकारायची सोय होईल. त्यांच्या वहिनीचं व्हॉल्वचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय, वजन 42 किलो, हिमोग्लोबिन 9.2, तिचं काय करायचं ते सांगा म्हणतात.

तर वहिनींपासूनच सुरू करतो, कारण मी पंपवाला माणूस, ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवणं हेच माझं काम, आणि पेशंटचं वजन न् हिमोग्लोबिन ऐकलं की डोक्यात पहिला हिशोब हाच सुरू होतो.

मशीनच्या नळ्या न् ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) आधी सलाईनसारख्या पाण्याने भरून घ्यावे लागतात, हवा राहिली तर जीवावर बेतते. समजा हे पाणी 1200 एमएल. आता 70 किलोचा, 14 हिमोग्लोबिनचा माणूस घ्या, अंगात जवळपास 4900 एमएल रक्त, त्यात हे पाणी मिसळलं की हिमोग्लोबिन 11.2 वर येतं, काही बिघडत नाही. वहिनींच्या अंगात रक्तच 2700 एमएलच्या आसपास, त्यात तेच 1200 एमएल मिसळलं की 9.2 चं थेट 6.4 होतं, अजून ऑपरेशनचा एक थेंब सांडलेला नसताना! छोट्या गंजातल्या वरणात मोठ्या गंजाइतकंच पाणी ओतल्यासारखं आहे ते. पंपवर असताना 7 च्या आसपास आलं की बहुतेक टीम रक्त टाकायचा विचार करतात, सोबत लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं ॲसिड) पाहतात, परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती उरला ते पाहतात. म्हणजे वहिनींना आज आहे तशा टेबलवर घेतलं तर रक्त लागणारच, आणि ते दिलंच पाहिजे, त्यात माझं तुमचं काही भांडण नाही.

पण भाऊ, त्यांना आज आहे तसंच टेबलवर घ्यायचंच काहून? दिवाळीपर्यंत वेळ आहे ना हातात. लोह कमी निघालं आणि सलाईनमधून आयर्न देऊन हिमोग्लोबिन 11.5 वर नेलं तर त्याच मशीनवर ते 8 च्या जवळ राहतं. वरून छोटं सर्किट वापरलं, सुरुवातीला पेशंटच्याच रक्ताने नळ्यांमधलं थोडं पाणी मागे ढकलून बाहेर काढलं, तर 1200 चं 800 होतं आणि हिशोब 8.9 वर जातो. एक बाटलीही न लावता पार पडायची शक्यता इथं तयार होते. सगळा ब्लड मॅनेजमेंटचा अभ्यास शेवटी इथंच येतो. पेशंटचं स्वतःचं रक्त आधी वाढवा, मग ते वाया जाऊ देऊ नका, आणि मग बाटलीचं पाहू. झुरिकच्या टीमचा 2019 चा अभ्यास तर असा आहे की ऑपरेशनच्या फक्त आदल्या दिवशी आयर्न, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन), बी12 आणि फॉलिक ॲसिड दिलं तरी रक्त कमी लागलं. आपल्याकडे तर आठवडेच्या आठवडे नुसती तारीख येण्याची वाट पाहण्यात जातात आणि त्या काळात हिमोग्लोबिनकडे कोणी पाहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एनएफएचएस-5 या सरकारी आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बाया ॲनिमियाच्या निघाल्यात, म्हणजे ही गोष्ट सगळ्यात जास्त गरजेची आपल्याचकडे आहे.

आता साडेसातचा आकडा. 2017 ची ट्रिक्स-3 ट्रायल, जवळपास 5000 पेशंट, एका गटाला 7.5 च्या खाली गेल्यावर रक्त, दुसऱ्याला 9.5 च्या खाली (वॉर्डात आल्यावर 8.5). मृत्यू, हार्ट अटॅक, पॅरालिसिस, डायलिसिस असं सगळं मिळून कमी रक्तवाल्यात 11.4 टक्के, दुसऱ्यात 12.5, आणि रक्त लागलं 52 टक्क्यांना, दुसरीकडे 73. पण तुमच्या बाजूचा पुरावाही आहे आणि तो मीच देतो. ब्रिटनच्या 2015 च्या टायटर-2 ट्रायलमध्ये कमी रक्तवाल्या गटात 90 दिवसांतले मृत्यू 4.2 टक्के होते न् दुसऱ्यात 2.6. शिवाय ट्रिक्स-3 मधले पेशंट सरासरी 72 वर्षांचे, आणि आपल्याकडे व्हॉल्वला येणाऱ्या बाया रूमॅटिकवाल्या (रूमॅटिक तापाने व्हॉल्व खराब झालेल्या), तिशी-चाळिशीतल्या. तरुणांचं उत्तर वेगळं असू शकतं म्हणूनच 65 आणि त्याखालच्यांसाठी ट्रिक्स-4 हाती घेतली. त्यामुळे साडेसात हा हुकूम नाही, पेशंट समोर पाहून ठरवायची गोष्ट आहे. कोणी नुसता आकडा दाखवून, पेशंटकडे न पाहता रक्त नाही म्हणत असेल तर तुम्ही जरूर भांडा.

‘मग पेशंटचंच रक्त आधी काढून ठेवा अन् नंतर परत द्या’ असंही तुम्ही सुचवलं. ते करून पाहिलंय, 2025 मध्ये 2010 पेशंटवर ट्रायल छापून आली, रक्त लागलं 27.3 टक्क्यांना आणि न काढलेल्यांत 29.2, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. ट्रॅनेक्सामिक ॲसिडचं साधं इंजेक्शन मात्र खरंच रक्तस्राव कमी करतं, फक्त डोस फार चढवला तर फिटसारखे झटके येऊ शकतात.

आणि एक, सिकल, म्हणजे आईबापाकडून येणारा लाल पेशींचा आजार. तुम्ही गडचिरोलीकडचे, म्हणून हे महत्त्वाचं. वहिनींची सिकलची टेस्ट झाली नसेल तर आयर्नच्याही आधी ती करा. एसएस पेशंटला (आई आणि बाप दोघांकडून सिकल आलेल्याला) पंपवर थंड केलं, ऑक्सिजन कमी पडला किंवा ॲसिड वाढलं की पेशी कोयत्यासारख्या वाकून नसांमध्ये अडकतात, म्हणून अशांना गरम ठेवून चालवतात आणि बऱ्याचदा आधी रक्त बदलून घेतात. तिथं रक्त वाचवायचा हट्ट कोणी करत नाही न् करूही नये. शिवाय सिकल किंवा थॅलेसेमियात हिमोग्लोबिन कमी असलं तरी लोह भरपूर असू शकतं, म्हणून दुकानातून आयर्नच्या गोळ्या आणून सुरू करू नका.

तर उद्याच तालुक्याला जाऊन सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी12 आणि सिकल एवढं करून घ्या, कागद हार्टच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्पष्ट विचारा की ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन वाढवायला वेळ आहे का. वहिनींना झोपल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील तर मात्र हे सगळं करत बसू नका, तारीख अलीकडे घ्यायला सांगा, तेव्हा बाटली लावूनच पुढं जाणं बरोबर. आणि डोनर तयार ठेवाच. मागच्या वेळी तुमच्या भावाच्या वेळेला रात्री अकराला चार डोनर आणा म्हणून पळवलं होतं म्हणता, तसं होऊ नये म्हणून ब्लड बँकेत आठवडाभर आधी जाऊन ग्रुप आणि क्रॉसमॅचचं (डोनरचं रक्त पेशंटला जुळतं का ती तपासणी) विचारून या.