उधारीचा मेसेज लिहिताना

आमचं परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. निम्मा धंदा उधारीवर. जूनमध्ये खत-बियाणं जातं, पैसे सोयाबीन निघाल्यावर येतात. वडिलांच्या काळापासून असंच चालू आहे.

काही वर्षांपूर्वी बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात वसुलीचा मेसेज इंग्रजीत तयारच होता. मी तो न वाचता चालू केला. ही चूक माझी.

आठवड्याच्या आत एक मामा दुकानात आले. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. बियाण्याची रिकामी पिशवी काउंटरवर ठेवली, आत घडी घातलेले ४,२०० रुपये. म्हणाले, "मालक, कोर्टाची तारीख कधीची हाय?" नातवानं मेसेज वाचून दाखवला होता आणि त्यात 'लीगल ॲक्शन' असं होतं. मुदत दिवाळीची ठरलेली. तरी त्यांनी दसऱ्याच्या आधीच ओलं सोयाबीन गावातल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात घातलं होतं. माल वाळवून मोंढ्यात, म्हणजे तालुक्याच्या धान्यबाजारात, नेला असता तर क्विंटलमागे बरे पैसे सुटले असते. ते नुकसान माझ्या एका मेसेजनं झालं.

त्या रात्री बसून मजकूर नव्यानं लिहिला. मामांना आधीच असा जायला हवा होता: "नामदेवमामा, २ जूनच्या बियाण्याचे ४२०० रु. बाकी. दिवाळीपर्यंत द्या." खाली दुकानाचं नाव, गाव, माझा नंबर. (नाव इथं बदललंय.) कुणाला, कशाचे, किती, कधीपर्यंत, आणि अडचण असेल तर फोन कुणाला करायचा, एवढंच. मामा समोर बसले असते तर मी हेच बोललो असतो.

मराठीत मेसेज महाग पडतो, हे खरं आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'ज्वारी' आपण दोन अक्षरी शब्द म्हणतो, मोबाइल त्याची सहा धरतो. ७० च्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून बरेच दुकानदार इंग्रजीत पाठवतात, नाहीतर दुकानाचं नाव गाळतात. मी दोन मेसेजचे पैसे देतो. वाचणाऱ्याला कळलंच नाही तर स्वस्तात पाठवून काय उपयोग?

मोबाइल कंपनीमार्फत एकगठ्ठा मेसेज पाठवायचे असतील तर ट्रायच्या (मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे मजकूर आधी नोंदवावा लागतो. मग फक्त नाव, रक्कम, तारीख बदलता येते, बाकीची वाक्यं तीच राहतात. एकदा लिहिलेलं वाक्य शेकडो घरांत जातं. म्हणून नोंदवण्याआधी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. मी आईला दाखवतो. "त्वरित भरणा करावा" ऐकून ती म्हणाली, "हे बँकेवानी वाटतंय." काढून टाकलं.

धमकी आणि लिंक, दोन्ही नकोतच. २०२२ मध्ये महावितरणच्या नावानं "आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा" असे खोटे मेसेज फिरले, आठवत असेल. भीती दाखवायची आणि घाई करायला लावायची, ही फसवणाऱ्यांची भाषा आहे. आपल्या हक्काचे पैसे मागताना ती आपण का वापरायची?

वेळेचंही तसंच. बँकांच्या वसुली एजंटांनीसुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलंय. आमचा मेसेज बाजाराच्या आदल्या दिवशी चारच्या सुमारास जातो. माणूस दुसऱ्या दिवशी गावात येणारच असतो, वेगळी खेप पडत नाही. रब्बीत रात्रीची लाईट असली की तो रात्रभर पाण्यावर असतो, त्याला सकाळी सातला मेसेजनं उठवायचं नाही.

आणि पैसे आले की "पोचले, बाकी शून्य" हा मेसेज त्याच मिनिटाला गेलाच पाहिजे. मागताना तीनदा कळवणारे दुकानदार मिळाल्यावर एकदाही कळवत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. कित्येक मामा-काका तो मेसेज वर्षभर जपून ठेवतात. त्यांच्यासाठी तीच पावती असते.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकणाऱ्यांबद्दल मी एवढंच म्हणेन, ते आजच बंद करा.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि आमच्याकडचं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. तेव्हा सॉफ्टवेअरमधले सगळे मेसेज थांबवले आणि माझ्या फोनवरून एकेकाला लिहिलं: "काका, पिकाचं कळलं. बाकीचं नंतर बघू. हरभऱ्याच्या बियाण्याला दुकानात या." पहिला फोन त्याच मामांचा आला. बाकीचं काहीच बोलले नाहीत, हरभऱ्याच्या किती पिशव्या शिल्लक आहेत तेवढं विचारलं.