हसत हसत महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धातलं लंडन समजून घ्यायचंय, पण जाडजूड ग्रंथ वाचायचा कंटाळा येतो? सोपं आहे. 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाचे १९४० ते ४५चे अंक मिळवा. चित्र बघा, हसा, पान उलटा. अर्ध्या तासात तुम्ही जाणकार! "डोक्यावर बॉम्ब पडत असताना हसत होते हो ते लोक!" एवढं एक वाक्य गप्पांत टाकता आलं की काम झालं. सोबत 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा, काम चालू ठेवा) ही सरकारी पोस्टरावरची ओळ लिहिलेला मग घ्यायला विसरू नका. १९३९मध्ये चोवीस लाखांवर छापलेली ती पोस्टरं बहुतेक भिंतीवर न लागताच रद्दीत गेली, हे मगावर लिहिलेलं नसतं. तुम्हीही बोलू नका.

चित्र बघताना नजर खालच्या ओळीवरच ठेवा. कोपऱ्यात जाऊ देऊ नका, तिथं अभ्यास सुरू होतो. खिडकीच्या काचेवर कागदी पट्ट्यांची फुली दिसेल; नक्षी समजा. बाईच्या खांद्याला दोरीनं लटकलेला पुठ्ठ्याचा चौकोनी खोका दिसेल. त्यात गॅस मास्क असतो, पण तुम्ही डबा समजा. साहेबांच्या पँटला पायाशी दुमड आहे की नाही, हे तर बघूच नका. कापड वाचवायला १९४२मध्ये नव्या पँटच्या दुमडीवर बंदी आली, ती १९४४मध्ये उठली. तोवर पुरुष मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडून घेत. अशा गोष्टी कळू लागल्या की चित्राचं साल ओळखता येतं, आणि मग हसण्याचा वेग मंदावतो.

चहावरचे विनोद मात्र खुशाल वाचा. जुलै १९४०पासून रेशनवर माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम चहा. इंग्रज घरातला जुना हिशोब असा की माणशी एक चमचा आणि वर एक किटलीचा. सरकारनं सांगितलं, किटलीचा चमचा बंद. पाहुणा दारात उभा आणि यजमानीणबाईंचा हात डब्यावर, या चित्रात हसण्यासारखं काय आहे ते आता कळलं ना? नसेल कळलं, तर तुम्ही अगदी योग्य मार्गावर आहात.

अंड्याच्या पावडरीवर हसायचं असेल, तर आधी चुकूनही करून बघू नका. एक सपाट मोठा चमचा पावडर, दोन चमचे पाणी, झालं एक अंडं. पाणी हळूहळू घालून घोटलं नाही तर गुठळ्या होतात, पावडर जास्त पडली तर ऑम्लेट रबरासारखं चिवट होतं. एका पाकिटात डझनभर अंड्यांची भरती. खरं अंडं साधारण आठवड्याला एक, तेही दुकानात आलं तर. कोंबडीकडे आदरानं बघणाऱ्या कुटुंबाचं चित्र अतिशयोक्त वाटावं, म्हणून हा हिशोब लगेच विसरा.

बिली ब्राउनला मात्र भेटाच. लंडनच्या बस-रेल्वेतल्या पोस्टरांसाठी व्यंगचित्रकार डेव्हिड लँग्डननं काढलेला हा गृहस्थ: बोलर हॅट, हातात छत्री, आणि तोंडात यमक जुळवलेला उपदेश. स्फोटात काच फुटून अंगावर उडू नये, म्हणून डब्यांच्या खिडक्यांवर जाळीचं कापड चिकटवलेलं असे. बाहेरचं दिसेना, म्हणून प्रवासी नखानं त्याचा कोपरा खरवडत. बिली नम्रपणे सुनावतो: माफ करा, पण ती जाळी तुमच्याच रक्षणासाठी आहे. त्याच्याखाली कुणीतरी पेन्सिलनं तितकंच यमक साधून उत्तर दिलं: माहितीबद्दल आभार, पण स्टेशन कुठलं आलं ते दिसत नाही की रे! (मधली शिवी गाळली आहे.) पुढं जाळीच्या मधोमध बघायला छोटी चौकट मोकळी ठेवू लागले. तुम्ही छापील अर्धंच वाचा. जनता किती शिस्तीची होती, हे सिद्ध करायला तेवढं पुरतं.

'डेली मिरर' या वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार फिलिप झेक याचं १९४२चं चित्र वगळा. टॉर्पेडोनं बोट बुडालेला एक खलाशी फळकुटाला धरून पडलाय आणि खाली मजकूर: पेट्रोल एका पेनीनं महागलं. पेट्रोलमागे माणसं मरतात, जपून वापरा, असं झेकला म्हणायचं होतं. सरकारला वाटलं, खलाशांच्या जिवावर नफेखोरी चालल्याचा आरोप आहे. 'डेली मिरर' बंद करू, अशी तंबी मिळाली. रांगेवर, गृहरक्षकांच्या काठ्यांवर, बटाट्यावर हवं तेवढं हसा, अशी मुभा होती. ती कुठं संपायची, हे या चित्रात दिसतं. पण आपल्याला हसायचंय ना?

तसंच, या खिडकीतून बंगाल शोधू नका. ज्या साम्राज्याच्या राजधानीत दोन औंस चहावर विनोद होत होते, त्याच साम्राज्यात १९४३मध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. पुढं मुंबईत राहिलेले चित्रकार चित्तप्रसाद तेव्हा मिदनापूरमध्ये पायी फिरून ती माणसं रेखाटत होते. त्या रेखाटनांची पुस्तिका सरकारनं जप्त करून जाळली. तिच्यात विनोद नव्हता, तेव्हा आपल्या संग्रहात ती बसत नाही.

आणि १९४५चा विजयाचा अंक आला की संग्रह मिटून ठेवा. युद्धभर कधीच रेशनवर न गेलेला पाव जुलै १९४६मध्ये रेशनवर गेला. मटण तर १९५४पर्यंत कार्डावरच होतं.