रेघ कुणाच्या शेतातून?

शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास कुणीतरी लिहितं, "अमेरिकेत असली आंदोलनं चालतात का? म्हणून तिथे रस्ते झाले!" लिहिणारे बहुतेक पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात, त्यांचा एक गुंठाही यात जात नाही.

मी लुईझियानात, बॅटन रूजला राहतो. इथला आय-१० हा महामार्ग टेक्सासच्या हद्दीपासून मिसिसिपी राज्यापर्यंत सुमारे ४४० किलोमीटर जातो. अॅचाफलायाच्या दलदलीवरचा त्याचा पूलच जवळपास २९ किलोमीटरचा. कामाला तोड नाही, आणि मीही तोच रस्ता वापरतो.

पण न्यू ऑर्लिन्समध्ये काय झालं ते या मंडळींना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिथला क्लेबॉर्न अॅव्हेन्यू म्हणजे ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीची पेठ. दुतर्फा दुकानं, मधोमध ओकच्या रांगा. १९६६ मध्ये ते ओक तोडले आणि वरून आय-१० चा उड्डाणमार्ग नेला. त्याच काळात फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या, नावाजलेल्या भागाच्या नदीकाठानेही एक द्रुतगती मार्ग आखलेला होता. तिथल्यांकडे वकील होते, वॉशिंग्टनपर्यंत ओळखी होत्या. ते वर्षानुवर्षं भांडले आणि १९६९ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी तो मार्ग रद्द केला. म्हणजे आंदोलन इथेही चालतं, जिंकतंसुद्धा. कुणाचं, ते बघायचं.

मार्डी ग्रासच्या उत्सवाला लोक अजून त्याच पुलाखाली जमतात. काँक्रीटच्या खांबांवर ओकची झाडं रंगवलेली आहेत. वरून ट्रक धडधडत जातात, खाली बँडवाले त्याहून जोरात वाजवतात. पुलावर चढण्या-उतरण्याचे काही रस्ते काढून खालची जागा सुधारायला शहराने आणि राज्याने मिळून केंद्राकडे ४.७ कोटी डॉलर मागितले. २०२३ मध्ये हाती आले ५ लाख. तोडायला पैसा होता, सांधायला नाही!

आता आपल्याकडचं. शक्तिपीठाची मूळ आखणी वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्हे, सुमारे आठशे किलोमीटर. कोल्हापूरकरांनी असा दणका दिला की तिथली भूसंपादनाची अधिसूचना २०२४ मध्ये रद्द करावी लागली. रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना हा दुसरा कशाला, हा त्यांचा सवाल मला बिनतोड वाटतो. पण कोल्हापूरकडे ऊस आहे, कारखाने आहेत, दबाव आणणारे पुढारी आहेत. परभणीच्या शेतकऱ्यानेही विरोध केलाच, त्याची बातमी मुंबईपर्यंत कितीशी पोचली? आणि एका जिल्ह्यातून रेघ सरकवली तर ती शेजारच्या कुणाच्या तरी विहिरीवरून जाणारच.

म्हणून आखणी बदलली की जुन्या आणि नव्या रेघेवरच्या गावांची यादी शेजारी शेजारी छापा, कुणाची किती जमीन सुटली आणि कुणाची अडकली त्यासकट. ग्रुपवर हे लिहिलं. एका काकांनी अंगठा दाखवला, दुसऱ्यांनी समृद्धीचा व्हिडिओ टाकला.