म्हणे, विचारांना ढगांसारखं जाऊ द्या

आज ऑफिसात दुपारच्या सुट्टीत माइंडफुलनेसचं सेशन होतं. ऑनलाइन. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. म्हणजे मन शांत करायचं तर आधी जेवणावर पाणी सोडा. सोडलं. डबा बाजूला सरकवून बसले. समोर तिशीच्या आतबाहेरचा एक मुलगा, मागे कुंडीत हिरवंगार झाड, आवाज एकदम मऊ. म्हणाला, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार आले तर अडवू नका, आभाळातल्या ढगांसारखं येऊ द्या आणि जाऊ द्या.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. सिलिंडरवाला. घरी सासूबाई एकट्या आणि डिलिव्हरीचा कोड माझ्या मोबाइलवर. कोड सांगितल्याशिवाय तो सिलिंडर ठेवत नाही. मी म्यूट करून, तोंडावर हात धरून आकडे सांगितले. तर पडद्यावरून सगळ्यांच्या देखत: "मॅडम, फोन बाजूला ठेवा. पंधरा मिनिटं आपण नसलो तर जग थांबत नाही."

अरे बाळा, जग थांबत नाही हे मला माहितीये. सिलिंडरवालाही थांबत नाही, हीच तर भानगड आहे!

तेव्हा काही बोलले नाही. कॅमेऱ्यात हसले. पण तेव्हापासून डोकं जे तापलंय ते डोंबिवली येईपर्यंत तसंच होतं. निम्मं ट्रेनमध्ये उभ्यानं टाइप केलंय, निम्मं आता कुकर लावून लिहितेय, तेव्हा कुठे तुटक वाटलं तर चालवून घ्या.

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी शिकवायला येणार नाही. मला ध्यानाचं वावडं नाही. मी इगतपुरीला जाऊन आलेय, धम्मगिरी या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात, पूर्ण दहा दिवसांचं शिबिर करून. आपल्या राज्यात सरकारी नोकरांना विपश्यनेसाठी वेगळी रजा मिळते, मी पडले खाजगीतली, वर्षभराची साठवलेली रजा एकगठ्ठा तिथे घातली. नातेवाईकांत बभ्रा झाला, "काय गं, घरात काही झालंय का?" काही झालं नव्हतं. डोक्यात सतत जी बडबड चालते ती बंद कशी असते, ते एकदा बघायचं होतं.

तिथे पहिल्याच दिवशी फोन जमा. बोलणं बंद, कुणाकडे बघून हसणंही बंद, वही-पेन नाही, पुस्तक नाही. १९७६ पासून तिथे शिबिरं चालू आहेत. ही विपश्यना शिकवणारे गोएंकागुरुजी २०१३ मध्ये गेले, पण त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज अजून शिकवतो. सुरुवातीचे तीन दिवस एकच काम: नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, श्वास कुठे लागतो ते बघायचं. बस. मी त्या बोटभर जागेवर लक्ष लावून बसले आणि डोक्यात काय आलं? दूधवाल्याला दोन पिशव्या सांगितल्या होत्या की एक. सासूबाईंची बीपीची गोळी, पाकिटातली शेवटची ओळ चालू होती. लेकीच्या सायन्स प्रोजेक्टचा थर्माकोल. लाइट बिलाची तारीख. मावशींना (आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या) आगाऊ पैसे द्यायचे राहिले. गच्चीतली कुरडई कुणी आत घेतली असेल का.

श्वास कुठला लागतोय? कुरडई लागत होती.

संध्याकाळच्या प्रवचनात गुरुजी सांगतात की मन भूतकाळात नाहीतर भविष्यात पळतं, आवडतं-नावडतं करत राहतं. खरंय. पण माझं मन पळत नव्हतं हो, ते ड्यूटीवर होतं! हा फरक मला कुणी समजावून सांगितलेला नाही, ना त्या दिवशी, ना आजच्या त्या मऊ आवाजाच्या मुलानं. बाईच्या डोक्यात दिवसभर जे चालतं त्यातलं निम्म्याहून जास्त हे चंचलपण नसतंच. ते काम असतं. घरातल्या चार माणसांनी आपापल्या डोक्यात ठेवायच्या गोष्टी एकीच्या डोक्यात भरून ठेवल्यात आणि वर तिलाच सांगायचं, अगं किती विचार करतेस, जरा रिलॅक्स हो.

(कुकरची तिसरी शिट्टी. थांबा.)

हां. तर तिथे मधल्या कुठल्यातरी दिवशी, मला नीट आठवतंय, दुपारच्या बैठकीत एकदम लक्षात आलं की डोकं गप्प आहे. यादी थांबलीय. पंख्याचा आवाज येतोय, मागे कुणीतरी ढेकर दिला, बाहेर पाऊस आहे, आणि यातल्या कशासाठीही मला उठायचं नाहीये. रात्री स्टेशनकडून घाट चढून आलेल्या गाड्यांचा आवाज यायचा, तोही नुसता आवाज. मला घाईनं पकडायची गाडी नाही. इतकं बरं वाटलं की रडूच आलं, आणि रडायलाही परवानगी न घेता आलं.

आता सगळे म्हणतील, बघ, साधना फळली. फळली असेलही. पण दिवस कसा होता ते बघा ना! पहाटे चारला घंटा, ती वाजवणारी दुसरी. साडेसहाला नाश्ता, मी केलेला नाही. अकराला जेवण, भाजी कुठली करायची हे मला कुणी विचारलेलं नाही. पाचला चहा आणि कुरमुरे. साडेनऊला दिवे बंद, ते बंद झाले का हे बघायला मी उठायचं नाही. आपलं ताट तेवढं आपण धुवायचं. अहो, अशा ठिकाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचंही मन शांत होईल.

मला सांगायचंय ते एवढंच. तिथे माझी बडबड थांबली ती मी फार मोठी साधक होते म्हणून नाही. दहा दिवस दुसऱ्या कुणीतरी आठवण ठेवली म्हणून. सेवेला आलेल्या बायका होत्या, पुन्हा बायकाच आमच्या बाजूला, त्या घड्याळ बघत होत्या, म्हणून मला ते बघायचं नव्हतं.

आणि हे फक्त माझ्या घरचं रडगाणं नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. बरं, ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांची. जे काहीच करत नाहीत त्यांना त्यात धरलेलंच नाही! आणि ट्रेनमध्ये लोंबकळत "हळद संपलीय" हे डोक्यात ठेवणं यात कुठल्या रकान्यात येतं ते मला कुणी दाखवा.

नवऱ्याबद्दल: तो वाईट नाही. हे मी लिहायलाच हवं, कारण तो ही पोस्ट वाचणार आहे. तो भाजी आणतो, लेकीला क्लासला सोडतो, कपडे वाळत घालतो. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, "तू फक्त सांग, मी करतो." ऐकायला किती गोड! अरे, सांगायला कुणाला तरी आधी आठवायला लागतं ना? मी सांगते तेव्हा निम्मं काम होऊनच गेलेलं असतं, आणि ते कुणाला दिसलेलं नसतं.

आपल्याकडे मनाला आवरायला सांगणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. मला मात्र सारखी जनाबाई आठवते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, लहानपणी आजीनं हात लावायला लावला होता. जनी दळून दमली तेव्हा विठ्ठलानं काय केलं? "जने, डोळे मीट, श्वासाकडे बघ" असं सांगितलं? नाही. तो येऊन जात्याला बसला. खुंटा धरला. पुढं शेण्या वेचायला गेला, पाणी भरायला गेला, अशा सगळ्या गोष्टी आपण ऐकत आलोय. देवाला जे कळलं ते वेबिनारवाल्यांना कळू नये?

थोडी शांत होते.

एक मान्य करायला पाहिजे, नाहीतर माझी इगतपुरीची मैत्रीण (बरोबर गेलो होतो, दहा दिवस एकमेकींशी बोललो नाही) मला सोडणार नाही. सगळीच बडबड कामाची नसते. तिथे अधिष्ठान नावाचा प्रकार असतो, तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. यादी संपली होती, आता शांत बसेन म्हटलं, तर वर काय आलं? माझ्या जाऊबाई. कधीच्या काळी एका मुंजीत चारचौघींत म्हणाल्या होत्या, "हिच्या पोळ्या काही फुगायच्या नाहीत." तासभर मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते. एकापेक्षा एक सरस. आता याला नवरा जबाबदार नाही, सासूबाई नाहीत, सिलिंडरवाला तर नाहीच. हा कचरा माझा मीच जपून ठेवलेला. त्यासाठी बसायलाच लागतं, आणि बसलं की फरक पडतो, ठीक आहे.

आणि रात्री अकरा वाजता गादीवर पडून मी रील्स बघते, कुणाच्या तरी मांजरीच्या, ते काही घरातल्या कुणी माझ्यावर लादलेलं नाही. तेही ठीक आहे.

पण मग त्यासाठीसुद्धा एकटीनं का झगडायचं? सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बातमी वाचली असेल. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला यातलं आवडलं ते हे की कुणी कुणाला "तुझ्यात निग्रह नाही" म्हणून हिणवलं नाही. सगळ्यांनी एकदम ठेवला फोन खाली, म्हणजे कुणाचं काही चुकत नाही, बॉसचा मेसेज राहिला ही धास्ती नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी ही बातमी टाकली होती. सतरा अंगठे आले आणि त्याच रात्री पार्किंगवरून सव्वाशे मेसेज.

(त्या गावाबद्दलही मला एक शंका आहेच. सात ते साडेआठ म्हणजे भाकरीची वेळ. मोबाइल बंद झाले, चूल कोण सांभाळतं? जाऊ दे. चांगल्याला चांगलं म्हणावं.)

पुन्हा इगतपुरीवर येते, कारण खरी गंमत शेवटी झाली. मौन सुटलं, फोन परत मिळाला. मी दहा दिवस फोनशिवाय असणार हे घरी सगळ्यांना माहीत होतं, तरी मेसेजची रांग लागलेली. सवय! पहिल्या दिवशीचा: हळद कुठे आहे? लगेच दुसरा: मोठी नाही, रोजची. मग: आईच्या गोळ्या कुठल्या दुकानात? मग: स्कूल बसवाल्याचा नंबर? दुसऱ्या दिवशीही बरेच. तिसऱ्या दिवशी दोन. त्यानंतर एकही नाही.

हळद सापडली होती. गोळ्या आल्या होत्या. थर्माकोलचं मॉडेल बापलेकीनं मिळून केलं होतं, जरा वाकडं, पण जमा झालं होतं. सासूबाईंनी कुरडया स्वतः आत घेतल्या होत्या. मी त्या इगतपुरी स्टेशनच्या बाकावर बसून हसत सुटले. इतकी वर्षं मला वाटत होतं हे सगळं माझ्या डोक्यावर तोललेलं आहे, मी मान हलवली की पडेल. घर माझ्याशिवाय दोन दिवसांत शिकलं होतं. आणि राग इथे येतो, की मी परत आल्यावर तितक्याच दोन दिवसांत विसरलं. रविवारी पोचले, मंगळवारी सकाळी बाथरूमच्या बाहेरून हाक: "अगं, टॉवेल कुठेय?" जिथे लग्नापासून असतो तिथेच आहे रे!

तेव्हापासून पहाटे बसायचा नेम आहे. बसते. श्वास बघते. पण दाराशी कुणीतरी येऊन उभं राहतं ते मिटल्या डोळ्यांनाही कळतं. कुणी बोलत नाही, डिस्टर्ब नको म्हणून. नुसतं उभं राहतं. त्यापेक्षा विचारून टाका.

तर आजच्या त्या सेशनचा फीडबॅक फॉर्म आलाय. "तुमचा ताण कमी झाला का?" एक ते पाच तारे. पुढच्या महिन्यात पुन्हा आहे, आणि पुन्हा जेवणाच्या सुट्टीतच. मी लिहिलं, पुढच्या वेळी हे सेशन आमच्या घरच्यांसाठी ठेवा आणि आम्हाला जेवू द्या.

आणि घरी आल्यावर एक काम केलं. लेकीच्या शाळेत आणि बसवाल्याकडे माझ्याऐवजी नवऱ्याचा नंबर दिला. गॅसच्या बुकिंगचा बदलायला अर्ज लागतो म्हणे, तो त्यालाच भरायला दिलाय. तो "बरं" म्हणाला, जरा घाबरून. अर्ध्या तासात वर्गशिक्षिकांचा फोन आला. मला. "अहो, तुमचाच नंबर ठेवू का? बाबा फोन उचलत नाहीयेत."

म्हटलं, उचलेपर्यंत लावत राहा.