ताई, त्यांचा घास काढून घ्यायचा नाहीये

ताई, नमस्कार.

नोकरी गेल्यावर वजन वाढू नये म्हणून काय करावं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यातला काही भाग असा: ‘भाऊ, माझ्या मिस्टरांची बुटीबोरीची नोकरी जाऊन पाच महिने झाले. घरात हप्त्याची चिंता आहे आणि तुम्ही पोटाचा घेर मोजायला सांगता. बदाम-अक्रोड कुठून आणू? दिवसभरात ते दोन घास आवडीचं खातात, तेवढाच त्यांचा आनंद. तोही काढून घ्यायचा का?’

बदाम-अक्रोडाचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पगार बंद असलेल्या घरात तो सल्ला वाचून संताप येणारच. ती ओळ मी आज सकाळी काढून टाकली. फुटाणे, मूठभर फल्लीदाणे, हरभऱ्याची उसळ, ताक, पालकाची डाळभाजी आणि ज्वारीची भाकरी एवढं घरात असलं, तर पोट भरण्यासाठी बाहेरून महागाचं काही आणावं लागत नाही. हे मला आधीच लिहायला हवं होतं.

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी अडखळलो. हाच प्रश्न माझ्या घरात माझ्या आईने बायकोला विचारला होता. ‘एवढं गेलं त्याचं, आता खायलाही टोकतेस का?’ म्हणाली होती. आईचा जीव तुटत होता, आणि तुमचाही तुटतोय हे शब्दाशब्दांतून दिसतं. म्हणून त्या लेखात जे लिहायचं टाळलं होतं, ते आज सांगतो.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं स्टोअरला होतो. एप्रिलमध्ये आम्हा नऊ जणांना एकाच दुपारी घरी पाठवलं. मी घरी सांगितलंच नाही. पुढचे बारा दिवस रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायचो आणि फुटाळा तलावावर जाऊन बसायचो. साडेदहालाच डबा उघडायचो. भूक नसायची, पण उन्हात भाजी आंबेल आणि डबा भरलेला परत नेला तर घरी कळेल, या धास्तीने संपवून टाकायचो. मग ऊन असह्य झालं की पोह्याच्या ठेल्यावर जायचो. तर्री पोहे घेतले की तासभर सावलीत बसता यायचं, कोणी उठवत नव्हतं. तीनच्या सुमारास चहा आणि आलूबोंडा. घरी आलो की दमल्यासारखं दाखवायचं आणि बायकोने वाढलेलं पुन्हा पोटभर जेवायचं.

तेराव्या दिवशी घरी कळलं. मग मी घरातच. नागपुरात मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच-सहापर्यंत बाहेर पाऊल टाकवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कूलरसमोरून उठलं की जायला स्वयंपाकघराशिवाय जागा नाही. पण सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. दीड-दोन वाजता झोप उडायची. शेवेचा स्टीलचा डबा होता आमच्याकडे, घट्ट झाकणाचा. झाकण वाजू नये म्हणून मी त्याच्याभोवती नॅपकिन धरून ते हळूच फिरवत काढायचो आणि अंधारात, ओट्याला टेकून, मुठीमुठीने शेव खायचो. सकाळी आई मुकाट्याने डबा भरून ठेवायची. तिने कधी विचारलं नाही, मीही कधी बोललो नाही.

ताई, मला त्या शेवेची चव आठवत नाही. तिखट होती की साधी, तेही सांगता येणार नाही. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून धरलेला श्वास मात्र आठवतो. तुम्ही ज्याला त्यांचा आनंद म्हणता, तो आनंदच असेल तर मला त्यात काही बोलायचं नाही. पण ते खाताना तुमच्याकडे बघतात का? की टीव्हीकडे, मोबाईलकडे बघत हात आपोआप ताटलीकडे जातो आणि ताटली संपल्यावर चेहरा आणखी उतरतो? एवढं फक्त एकदा बघा.

असं का होतं, तेही थोडक्यात सांगतो, कारण यात त्यांचा दोष नाही. चिंता दिवसेंदिवस चालू राहिली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहतं आणि गोड, तळलेलं खावंसं वाटतं. झोप तुटली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. म्हणजे रात्री दोनला जो माणूस डबा उघडतो, त्याच्या मनाचा निर्धार कमी पडला असं म्हणून चालणार नाही. त्याचं शरीरच त्याला तिकडे ढकलत असतं.

आणि एक गोष्ट खाण्याच्याही आधीची आहे. मी स्टोअरमध्ये रॅकांच्या मधून रोज सहाएक किलोमीटर चालत असेन. ते एका दिवसात बंद झालं. म्हणजे रोजच्या अंदाजे तीनशे कॅलरी खर्चच झाल्या नाहीत. चहा तीन कपांवरून सातवर गेला. कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर धरली, तर चार जास्तीच्या कपांचे चाळीस ग्रॅम, म्हणजे आणखी १६० कॅलरी. हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. बायकोने किराण्याची यादी बघून सांगितलं, की साखर महिन्याला सव्वा किलो जास्त लागते आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सात महिन्यांत मी ७२ वरून ८३ किलोवर गेलो. तुमचे मिस्टर कंपनीच्या बसपर्यंत चालत जात असतील, शॉप फ्लोअरवर आठ तास उभे असतील. तेही सगळं थांबलंय. पूर्वी जेवढं खायचे तेवढंच खाल्लं तरी आता ते जास्तच होणार.

घेर मोजायला का सांगितलं, तेही ऐका. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. माझी ९८ झाली होती. रक्तातली उपाशीपोटीची साखर ११८ आली, ती १०० च्या आत हवी. आणि नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला होता. तुम्ही लिहिलंत की हे भरल्या घरचे सल्ले. मला त्या रिपोर्टच्या दिवशी उलट वाटलं. पगार चालू असताना आजार परवडला असता. आता गोळ्यांचा महिन्याचा खर्च मागे लागला तर तो कुठून काढणार, याने मला घाम फुटला होता. (मिस्टरांचं ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी जरूर करा. नोकरी गेलेल्यांना सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत देण्याची तरतूद तीत आहे. अटी आहेत, आणि योजना सध्या चालू आहे का, तेही विचारून घ्या.)

मग काय केलं? डाएट वगैरे काही नाही. बायकोने एकच अट घातली: ‘काहीही खा, कितीही खा, पण ताटात घेऊन, आमच्यासमोर बसून खा.’ शेव खाऊ नको असं ती एकदाही म्हणाली नाही. डबा फडताळातून काढून जेवणाच्या जागी आणून ठेवला, एवढंच. पहिले चार दिवस मी समोर बसूनही वाटीभर शेव खाल्ली. हळूहळू वाटीतली अर्धी राहायला लागली. लपवायचं काही उरलं नाही, तसा रात्रीचा अंधारातला हातही सुटत गेला. एका दमात नाही सुटला, मधे दोन-तीनदा पुन्हा डबा उघडला. पण आता सकाळी मी सांगत होतो, ‘काल रात्री खाल्ली.’

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच सापडली. चार वाजले की खावंसं वाटायचं. एकदा स्वतःला विचारलं, आत्ता समोर गार वरण-भात आला तर खाशील का? उत्तर ‘नाही’ आलं. खऱ्या भुकेला वरण-भात चालतो. ज्या भुकेला फक्त आलूबोंडाच लागतो, ती भूक पोटाची नसते. मग मागे जाऊन आठवलं, की खाण्याच्या आधी काय झालं होतं. जवळजवळ प्रत्येक वेळी एखादा फोन आलेला असायचा. काका, मावसभाऊ, जुना शेजारी. ‘कुठे जमलं का?’ सगळे मायेनेच विचारायचे. पण फोन ठेवला की माझे पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. त्यानंतर नातेवाइकांचे फोन दोन महिने बायकोने घेतले. ताई, हे एक काम तुम्ही आजपासून करू शकता. पैसाही लागत नाही.

आणि दिवसाला वेळा द्या. चौदा वर्षं माझी भूक भोंग्यावर चालली होती. भोंगा गेल्यावर तिला आदि-अंत राहिला नाही. चहा तीनदाच, ठरल्या वेळी. सकाळी सहाला मी अंबाझरीकडे चालायला निघायचो, मे-जूनमध्ये तर साडेपाचलाच. येताना गोकुळपेठेतून भाजी आणायची जबाबदारी माझी. बारीक व्हायचं म्हणून मला चालवलं नसतं, पण घरात भाजी नाही म्हटल्यावर पाय निघायचे. घरात काहीतरी आपल्यावाचून अडतं, हे त्या दिवसांत मला फार हवं होतं. वजन सात किलो उतरायला वर्ष लागलं, आणि नोकरी त्याच्या मधेच कुठेतरी लागली.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. तुम्ही लिहिलंत की ते हल्ली बोलत नाहीत, रात्री जागे असतात. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ताटाकडे बघू नका, माणसाकडे बघा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीतही जाता येईल. मी गेलो नव्हतो. जायला हवं होतं. आणि जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं ते काही बोलले, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन लावा.

तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यांना तुमच्या हातची पुडाची वडी फार आवडते. थंडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, चांगलाही मिळतो आणि स्वस्तही. या रविवारी करा. सांभार निवडायला त्यांना सोबत घ्या, वड्या कढईतून निघतील तशा सगळे मिळून गरम खा. त्यांना हव्या तेवढ्या खाऊ द्या, मोजू नका. फक्त उरलेल्या डब्यात भरून ठेवू नका, शेजारी देऊन या. आणि द्यायला त्यांनाच पाठवा.