सेव्ह केलेल्या सहाशे बारा पोस्ट आणि एक चुकलेली बेरीज

माझ्या फोनमध्ये 'शिकवण्यासाठी' नावाचा एक फोल्डर आहे. काल रात्री झोप येईना म्हणून मोजलं, तर त्यात सहाशे बारा गोष्टी निघाल्या. व्हिडिओ, पीडीएफ, तक्ते, गटकार्याच्या कल्पना, 'पाच मिनिटांत वर्ग शांत करा' छापाचे रील. त्यातल्या पुन्हा उघडून पाहिल्या किती? अकरा. त्यातल्याही चार काल मोजता मोजता उघडल्या.

मी अजून शिक्षिका नाही, छात्राध्यापिका आहे. म्हणजे सकाळी बाकावर बसायचं आणि दुपारी फळ्यासमोर उभं राहायचं, अशी त्रिशंकू अवस्था. आमच्यासारख्यांना हल्ली जो तो सांगतो की ऑनलाइन राहा, गटांमध्ये सामील व्हा, जगभरचे शिक्षक तुमच्या खिशात आहेत. खोटं नाही ते. पण या दोन वर्षांत माझ्या डोक्यात खरोखर जे काही उतरलं, ते गोळा केलेल्या मालातून आलेलं नाही. आपलं अडलेलं चारचौघांत मांडलं आणि त्यावर कोणीतरी मला उलट प्रश्न विचारला, तेव्हा ते आलं. मागच्या सत्रातली एक गोष्ट सांगते.

सराव पाठ होता, अपूर्णांकांची बेरीज. पाठ टाचण झकास, चित्रं रंगीत, सगळं कुठून कुठून उतरवलेलं. एका मुलाने वहीत लिहिलं: १/२ + १/३ = २/५. मी म्हटलं, "अरे, आधी छेद सारखे करायचे ना?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक बरोबर आलं, दुसरीत तीनपैकी एक. मिळून पाचपैकी दोनच झाली की."

मी गप्प. झालीच होती की पाचपैकी दोन! "आपण हे नंतर बघू हं," म्हणून पुढे सरकले. बाईंचं 'नंतर बघू' म्हणजे काय, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

संध्याकाळी गणित शिक्षकांच्या एका गटात हा प्रसंग लिहिला. मुलाचं नाव नाही, वहीचा फोटो नाही, नुसती बेरीज आणि त्याचं म्हणणं. चार ओळींची पोस्ट टाकायला मला पाऊण तास लागला, कारण त्या गटात मला शिकवणारे दोघेजण आहेत. जिला सहावीतल्या बेरजेला उत्तर देता येत नाही ती गणित काय शिकवणार, असं त्यांना वाटलं तर?

पहिली दहाबारा उत्तरं एकाच वळणाची होती. लसावि काढा, छेद समान करा, विषय संपला. एकाने पीडीएफ चिकटवली. एकीने 'खूप छान प्रश्न' लिहून फूल दिलं. मग एका निवृत्त बाईंनी मलाच विचारलं, "मुलगा चुकलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तो नेमकं काय मोजतोय ते पाहिलंत का?"

रात्री सव्वाअकरापर्यंत आमचं चालू होतं. मुलगा बेरीज करतच नव्हता, दोन गठ्ठे एकत्र ओतत होता. त्याचा 'पूर्ण' दरवेळी बदलत होता: आधी दोन प्रश्नांचा, मग तीन प्रश्नांचा, शेवटी पाचांचा. अपूर्णांकांची बेरीज करताना पूर्ण एकच राहावा लागतो, म्हणजे एका पट्टीचा अर्धा भाग आणि तेवढ्याच पट्टीचा तिसरा भाग. हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. आणखी एकाने सुचवलं की त्याला काही समजावायला जाऊ नका, फक्त विचारा, २/५ मोठा की १/२? अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? तिसऱ्याने तेवढ्यात जिओजेब्रा या गणिताच्या हलत्या आकृत्या करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्यांची फाईलच करून पाठवली. बटण सरकवलं की पट्टीचे भाग वाढतात, कमी होतात. (हे जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाचं काम म्हणून सुरू केलं. एका विद्यार्थ्याचा अभ्यास आज कुठल्या कुठे पोचलाय!)

दुसऱ्या दिवशी मुलाला पट्ट्या दाखवल्या. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मग चाचणीत जे केलं ती बेरीज नव्हती का?" उरलेला सगळा तास वर्ग त्यावरच भांडला. निरीक्षकांनी शेरा दिला, 'आशय अपूर्ण राहिला'. राहिला खरा.

आता त्या फोल्डरकडे परत येते. त्या सहाशे बारांमध्ये अपूर्णांकांवरचे किमान वीस व्हिडिओ असतील. एकही त्या मुलाच्या प्रश्नाला उपयोगी पडला नसता, कारण मला नक्की काय येत नाही हेच मला माहीत नव्हतं. सेव्हचं बटण दाबलं की थोडं शिकल्यासारखं वाटतं, आणि माझी खरी तक्रार त्या वाटण्याबद्दल आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग आम्हाला अभ्यासाला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला सगळं लक्षात राहणार अशी जास्त खात्री होती. हे वाचलं तेव्हा मी ते अधोरेखित केलं, फोटो काढला आणि सेव्ह केला. हसा.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. व्हिडिओ पाहिला की बंद करायचा आणि त्यातलं जे आठवेल ते स्वतःच्या शब्दांत, अडखळत का होईना, लिहायचं. परीक्षेच्या व्याख्यांसाठी अँकी नावाचं प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप वापरते. जे कार्ड चुकतं ते लवकर परत येतं, जे येतं ते लांबणीवर पडतं. कंटाळवाणं आहे, लाइक वगैरे काही मिळत नाही, पण मुलांची विचारशक्ती कशी वाढते ते सांगणारे पियाजेचे टप्पे आता झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

लाइकवरून आठवलं. माझी सगळ्यात गाजलेली पोस्ट ही माझी सगळ्यात चुकीची पोस्ट आहे. तो पिरॅमिड तुम्हीही पाहिला असेल: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, असं करत करत दुसऱ्याला शिकवलेलं थेट ९० टक्के. मी तो छान रंगीत करून टाकला. चारशेच्या आसपास लाइक. सहाध्यायी, शिक्षक, सगळे खूश. शेवटी शिकवणाऱ्याला ९० टक्के मिळतात म्हटल्यावर कोणता शिक्षक नाराज होईल? दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने एका ओळीत विचारलं, "हे आकडे मोजले कोणी?"

मला राग आला. मग शोधायला बसले. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये एक शंकू मांडला होता, अनुभव किती प्रत्यक्ष आणि किती अमूर्त हे दाखवणारा. त्यात टक्केवारीच नाही! आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. जिच्या नावावर ते फिरतात त्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या अमेरिकन प्रशिक्षण संस्थेकडेही मूळ संशोधन सापडत नाही. आणि नीट पाहिलं तर संशय तिथेच यायला हवा होता. दहा, वीस, तीस... माणसाचं डोकं इतक्या गोल आकड्यांत कधी चालतं का? गणिताची विद्यार्थिनी म्हणवते स्वतःला आणि आकडे बघून भुलले.

दुरुस्ती लिहिली. तिला सात लाइक. मूळ चित्र अजून फिरतंय, मागच्या आठवड्यात ते मलाच 'जरूर वाचा' म्हणून आलं.

या फसगतीनंतर सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा २०१७ चा अभ्यास वाचनात आला आणि जरा बरं वाटलं. त्यांनी ४५ जणांना इंटरनेटवरची माहिती पारखायला बसवलं: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा सुबक मांडणी, रुबाबदार बोधचिन्ह यांना फसले. तथ्यतपासनीस त्या पानावर फार रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसऱ्या टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते बघून आले. आम्हाला लहानपणापासून लक्ष देऊन, शेवटपर्यंत वाचायला शिकवलं. इथे आधी पान सोडून बाहेर जायला शिकावं लागतं. पुढे वर्गात मी मुलांना हे कसं शिकवणार ते मला अजून कळलेलं नाही, कारण मलाच ते दर वेळी जमत नाही.

आता एक कमी सुखाचं. शिक्षकांच्या गटांत मुलांच्या उत्तरपत्रिकांचे फोटो टाकून हसण्याची एक रीत आहे. मुलाचं हस्ताक्षर, कधी वरच्या कोपऱ्यात नावही, आणि खाली हसून लोटपोट झालेल्या इमोजींची रांग. मीही एकदा तशी इमोजी टाकली आहे. अपूर्णांकाच्या प्रसंगानंतर ती आठवली आणि कसंतरीच झालं, कारण '१/२ + १/३ = २/५' हा फोटो त्या गटात किती मजेत खपला असता! त्या मुलाच्या डोक्यात मात्र आमच्यापैकी कित्येकांपेक्षा सरळ विचार होता. चूक मांडायची तर आपली मांडावी, मुलाचं नाव आणि अक्षर मधे आणू नये. त्याने आपल्याला वही तपासायला दिली होती.

'पण सगळ्यांना पोस्ट लिहायचं धाडस कुठे असतं?' असं मैत्रीण म्हणते. मान्य. नुसतं काठावर बसून ऐकण्यालाही मी नावं ठेवत नाही. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तिथला नवखा पोरगा कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. आधी बटणं लावणं, हात-शिलाई, काठ दुमडणं. म्हणजे शेवटचं काम आधी. तिथे चूक झाली तरी कापड वाया जात नाही, आणि पूर्ण कपडा कसा दिसतो ते रोज डोळ्यांखालून जातं. कापणं सगळ्यात शेवटी.

ऑनलाइन गटातही बटणं लावण्याची कामं खूप असतात. कोणी व्हिडिओ टाकला तर त्यातला आकृतीचा गोंधळ कोणत्या मिनिटाला आहे ते सांगणं. विकिपीडियावरच्या एखाद्या लेखात संदर्भ नसलेलं वाक्य शोधून संदर्भ जोडणं. दुसऱ्याच्या पाठ टाचणावर 'ही कृती मी करून पाहिली, कागद कमी पडले' एवढं लिहिणं. मी सहा महिने हेच केलं. त्याच्या जोरावर ती चार ओळींची पोस्ट लिहायला धजले, तेही पाऊण तास घाम गाळून. काठावर बसणं ठीक, पण हातात सुई-दोरा तरी असावा.

एआयबद्दल विचाराल, म्हणून थोडक्यात. टाचण मागितलं की दहा सेकंदांत येतं, आणि ते माझ्या आधीच्या उतरवलेल्या टाचणांइतकंच झकास आणि तितकंच निरुपयोगी असतं. हल्ली मी त्याला उलट काम देते: तू सहावीतला मुलगा हो, तुला दशांश अपूर्णांक चुकीचे समजलेत, मी विचारेन ती उत्तरं दे, पण नेमकी कोणती चूक करतोयस ते सांगू नकोस. सराव म्हणून बरं आहे. तरी खरी मुलं चुकतात तितकं छान त्याला चुकता येत नाही.

पुराव्यादाखल हे बघा. परवा वर्गात विचारलं, ०.३५ मोठा की ०.४? एक मुलगी म्हणाली ०.३५, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. ही चूक मला ठाऊक होती, तयारी होती. शेजारचा मुलगा म्हणाला ०.४. मी "शाब्बास" म्हणून पुढे जाणार, इतक्यात सहज विचारलं, "आणि ०.४ मोठा की ०.७३?" तो म्हणाला, "०.४च. बाई, दशांश मोठे असतात, शतांश बारीक. जितके आकडे जास्त तितके तुकडे बारीक."

म्हणजे पहिलं उत्तर बरोबर होतं आणि कारण भलतंच. वर गंमत अशी की त्याने सांगितलेलं कारणही अर्धं खरं आहे, शतांश दशांशापेक्षा बारीक असतोच. या वेळी 'नंतर बघू' म्हणाले नाही. "सोमवारी बघू" म्हणाले.

पुढचा तास सोमवारी आहे. नियम सांगून मोकळं व्हायचं नाहीये, आणि ०.४ च्या पुढे शून्य लावून ०.४० कर असंही त्याला इतक्यात सांगायचं नाही, कारण तो मान डोलावेल आणि बारीक तुकडे तसेच डोक्यात राहतील. सोमवारी तुम्ही माझ्या जागी असतात, तर त्याला पुढचा प्रश्न कोणता विचारला असतात?