‘जवानाला युद्ध दिसतच नाही’ या म्हणण्याला उत्तर

नोव्हेंबरात पणजीत इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, लगबग सुरू झाली आणि मागोमाग १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन जवळ आला की एक लांबलचक मजकूर आमच्याकडच्या फोनांवर फिरू लागतो. फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या निदान चार गटांतून तो माझ्यापर्यंत पोचला आहे. त्याचा आशय असा, की सामान्य जवानाच्या नजरेतून काढलेले युद्धपट युद्धाचे खोटे चित्र उभे करतात. जवानाला दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, म्हणून अशा चित्रपटातून युद्ध समजत नाही. भीती आणि चिखल दाखवून ते सैन्याचे मनोधैर्य खचवतात. ते बनवणाऱ्यांनी कधी बंदूक हातात धरलेली नसते. थरथरता कॅमेरा ही निव्वळ चलाखी असते. आणि आपल्या गोव्यात तर ३६ तासांत काम फत्ते झाले, लढाई अशी झालीच नाही, तेव्हा आपल्याला या रडगाण्यांचे कौतुक कशाला? मजकूर लिहिणारा कोण ते कळत नाही, पण भाषा नेटकी आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत वाचनालयात भेटणारी जाणती माणसेही आहेत, म्हणून मुद्द्यांना धरून उत्तर द्यावेसे वाटले.

पहिला मुद्दा दिसण्याचा. सगळ्यात वजन त्यालाच आहे, तेव्हा त्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. जवानाला नकाशा दिसत नाही हे खरेच आहे. पण नकाशावर ओढलेल्या प्रत्येक बाणाचे टोक शेवटी एखाद्या माणसाच्या अंगाला जाऊन टेकते, आणि कॅमेरा त्या टोकाशी ठेवला म्हणून वरचे काहीच कळत नाही असे होत नाही. एरिख मारिया रेमार्कच्या १९२९ सालच्या कादंबरीवर एडवर्ड बर्गर या दिग्दर्शकाने २०२२ साली काढलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा जर्मन चित्रपट घ्या. त्याच्या सुरुवातीला कॅमेरा एका गणवेशाच्या मागे लागतो. हल्ल्यात मेलेल्या पोराच्या अंगावरून तो उतरवला जातो, इतर कपड्यांबरोबर गाठोड्यात बांधून मागे पाठवला जातो, रक्ताने लाल झालेल्या पाण्यात धुतला जातो, शिवणयंत्रांच्या रांगांपुढे बसलेल्या बायका त्याची भोके बुजवतात, आणि नव्याने भरती झालेल्या पाउलच्या हाती तो नीट घडी घालून दिला जातो. पाउलला आत दुसऱ्याच कुणाचे नाव लावलेले सापडते. हा कपडा कुणा दुसऱ्याचा दिसतो, असे तो भाबडेपणाने सांगतो, तेव्हा टेबलामागचा माणूस ‘त्याला घट्ट झाला असेल’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून नावाची चिठ्ठी ओढून काढतो आणि खाली टाकून देतो. पाउल खूश होऊन गणवेश घेऊन जातो.

या गणवेशाच्या प्रवासात एकही नकाशा नाही. तरीही माणसे संपत जातात आणि कापड पुन्हा पुन्हा वापरात येते, हा त्या युद्धाचा सगळा जमाखर्च प्रेक्षकापुढे मांडून होतो. उलट याच चित्रपटात, मूळ कादंबरीत नसलेले, रेल्वेच्या डब्यातल्या शस्त्रसंधीच्या वाटाघाटींचे प्रसंग मुद्दाम घातले आहेत, आणि माझ्या मते चित्रपटाचा तोच भाग सर्वांत फिका आहे. वरची माणसे पडद्यावर आणली की युद्ध अधिक कळते, हा हिशेब तिथेच चुकतो. कादंबरीचे मूळ जर्मन नावही या वादात उपयोगी पडण्यासारखे आहे. ‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’ असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्या दिवशी पाउल मरतो त्या दिवसाच्या सैन्याच्या वार्तापत्रात नेमके तेवढेच छापलेले असते. नकाशावाल्यांना त्या दिवशी काय दिसले, ते एवढे.

आणि मराठीला ही नजर परकी कधी होती? वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने घरातून निघाले, १८५७च्या बंडात सापडले, आणि इंग्रज फौज झाशीत शिरली तेव्हा शहरातच होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. ते ना सेनानी ना शिपाई, पोटासाठी बाहेर पडलेले भिक्षुक. पण झाशीचा पाडाव मराठी वाचकाच्या मनात उभा राहिला आहे तो त्यांच्यामुळे, इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या खलित्यांमुळे नव्हे. गोडसे भटजींना दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते म्हणून ते पुस्तक कुणी बाजूला ठेवले नाही.

दुसरा मुद्दा मनोधैर्याचा. हा मुद्दा सैन्याच्या वतीने मांडला जातो, तेव्हा सैन्यातल्याच माणसांनी काय केले ते पाहिलेले बरे. दुसऱ्या महायुद्धात जॉन ह्यूस्टन हा दिग्दर्शक अमेरिकी सैन्यात कॅप्टन होता, आणि इटलीतील सान पिएत्रो या गावासाठी १९४३च्या डिसेंबरात झालेल्या लढाईवर त्याने सैन्यासाठीच माहितीपट केला. त्यातले मृत जवान पाहून काही वरिष्ठ अधिकारी बिथरले. हा चित्रपट युद्धाच्या विरोधातला आहे, अशी कुजबुज झाली. तो सैन्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, जनरल जॉर्ज मार्शलना, दाखवला गेला. त्यांचा निर्णय बरोबर उलटा होता. प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांनी हा चित्रपट पाहावा, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना आधी असलेला माणूस पहिल्या धडाक्याला कमी गांगरतो, असे त्यांचे मत पडले.

आपल्याकडे चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ साली आला. १९६२चा पराभव तेव्हा दोन वर्षांचा होता, जखम ओली होती, आणि चित्रपट होता लडाखमध्ये वेढल्या गेलेल्या, एकेक करून पडणाऱ्या एका छोट्या तुकडीचा. तो चित्रित करायला खुद्द भारतीय सैन्याने मदत केली. त्यातले कैफी आझमींचे ‘कर चले हम फिदा’ आजही आमच्या शाळांत १५ ऑगस्टला आणि १९ डिसेंबरला हमखास वाजते. ते मरणाऱ्या जवानांच्या तोंडचे, हरलेल्या लढाईतले गाणे आहे, याची आठवण मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना करून द्यावीशी वाटते. अशा चित्रपटांनी धाबे दणाणले ते दुसऱ्याच लोकांचे. रेमार्कच्या त्याच कादंबरीवरचा पहिला, अमेरिकी चित्रपट १९३०च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी चित्रपटगृहात दुर्गंधी सोडली, पांढरे उंदीर सोडले, आणि आठवड्याच्या आत त्याच्यावर बंदी आणवली. ज्यांना पुढच्या युद्धाची घाई होती, त्यांना हा चित्रपट नको होता.

बनवणाऱ्यांनी बंदूक धरली नव्हती, या तिसऱ्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. रेमार्क १९१७ साली पश्चिम आघाडीवर तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला होता. ‘प्लाटून’ काढणारा ऑलिव्हर स्टोन व्हिएतनाममध्ये पायदळात होता आणि दोनदा जखमी झाला होता. खंदकातून युद्ध पाहणारे चित्रपट बहुधा खंदकातून परत आलेल्यांच्या आठवणींवर उभे असतात, आणि भव्य नकाशांचे, घोषणांचे चित्रपट काढणाऱ्यांकडे हाच दाखला कुणी मागत नाही, ही गंमत आहे.

चौथ्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. कॅमेरा थरथरवला, पडदा राखाडी केला आणि कानठळ्या बसवल्या की युद्ध झाले, असे समजणारे दिग्दर्शक आता पुष्कळ झाले आहेत. शिवाय वर ज्याचे कौतुक केले त्या सान पिएत्रोच्या माहितीपटातली बरीच दृश्ये लढाई संपल्यावर, जवानांकडून पुन्हा करवून घेऊन टिपलेली आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही. चित्रपट ही रचलेलीच गोष्ट असते. प्रश्न रचना कशासाठी केली, हा आहे. १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याचा जो प्रसंग आहे, त्यात कॅमेऱ्याची झडप नेहमीपेक्षा फार कमी वेळ उघडी राहील अशी व्यवस्था केली होती. एरवी वेगाने हलणारी वस्तू चित्रात थोडी फरफटते आणि त्यामुळे हालचाल डोळ्याला मऊ वाटते. झडप लवकर मिटली की ती फरफट जाते, स्फोटाने उडालेल्या वाळूचा कण न् कण सुटा दिसतो, आणि माणसे तुटक, झटके बसल्यासारखी हलतात. मध्येच एक गोळा जवळ फुटतो आणि कॅप्टनला ऐकू येणे बंद होते, तशी आपल्यालाही सारा कल्लोळ पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. त्याच्यासमोर तोंडे हलतात, शब्द पोचत नाहीत. घाबरलेल्या माणसाचे डोळे आणि कान जसे वागतात, ते प्रेक्षकाच्या डोळ्या-कानांना करायला लावणे, एवढ्यासाठी ही खटपट आहे. तिला चलाखी म्हणायचे तर नाटकातल्या प्रकाशयोजनेलाही म्हणावे लागेल, आणि नाट्यस्पर्धांवर जीव टाकणाऱ्या आपल्या गोव्यात ते कोण म्हणेल?

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत अधिक लागला. गोव्यात लढाई झालीच नाही.

लिस्बनहून पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा १४ डिसेंबर १९६१चा संदेश गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना आला होता. शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील नाहीतर मरतील, असा त्याचा आशय. हा संदेश म्हणजे वरून दिसणारे युद्ध. खाली गोव्यात तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक होते, त्यांतले बरेचसे सक्तीच्या भरतीतून हजारो मैल दूर येऊन पडलेले तरुण. १८ तारखेला दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले. मुरगावच्या पाण्यात ‘आफोंसु द आल्बुकर्क’ या जुन्या पोर्तुगीज युद्धनौकेवर ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय नौकांनी मारा केला आणि ती पेटती नौका किनाऱ्याला लावून खलाशांनी सोडली. त्याच दिवशी कारवारसमोरच्या आंजदीव बेटावर उतरलेल्या भारतीय नौसैनिकांतले सात जण मारले गेले. आग्वादच्या किल्ल्यात कैद्यांना सोडवायला गेलेल्या तुकडीतले दोन अधिकारी पडले. १९ला रात्री वास्कोत शरणागतीवर सही झाली, आणि विजय-अथवा-मरणाचा हुकूम मिळालेले ते हजारो सैनिक पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत वास्को, फोंडा अशा ठिकाणच्या छावण्यांत युद्धकैदी म्हणून राहिले. त्या हुकमाबरहुकूम न वागल्याबद्दल वासालु इ सिल्वा यांना मायदेशी सैन्यातून काढून टाकले गेले. सालाझारना अपेक्षित होते तेवढे लोक गोव्यात मेले नाहीत, म्हणजे लढाई झाली नाही, असे आपण म्हणणार आहोत काय?

माझी एक आतेआजी अस्नोड्याची. मागे सरणाऱ्या पोर्तुगिजांनी १८च्या पहाटे तिथला पूल उडवला, त्याची गोष्ट ती सांगत असे, आणि तिच्या गोष्टीत ना नेहरू होते ना सालाझार. फळीवरची पितळी भांडी आपोआप खाली आली, एक तांब्या गडगडत अंगणापर्यंत गेला, आणि तो उचलायला जावे की नाही यावर घरातल्या बायकांत कुजबुजत वाद झाला. तांब्या दुपारपर्यंत अंगणात पडून होता. इतकेच. पण त्या घरात त्या वेळी युद्ध किती मोठे होते, ते या तांब्यावरून जेवढे कळते तेवढे मला एकाही शासकीय पुस्तिकेतून कळले नाही.

गोव्याच्या पाण्यातले युद्ध पडद्यावर आलेच नाही असेही नाही. मार्च १९४३मध्ये मुरगाव बंदरातल्या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या उतारवयाच्या इंग्रजांनी घातलेल्या छाप्यावर १९८० साली ‘द सी वुल्व्ज’ हा इंग्रजी चित्रपट निघाला आणि त्याचे चित्रीकरणही इथेच झाले. तो साहसकथेच्या थाटाचा आहे, आणि तसा पाहायला हरकतही नाही. पण १९६१चा, आंजदीवच्या होडीतला किंवा अस्नोड्याच्या मोडक्या पुलापाशी थांबलेल्या जवानाचा चित्रपट अजून कुणी काढायचा आहे.

‘३६ तास’ हा आकडा त्या जवानाजवळ नव्हता, ही गोष्ट मजकूर लिहिणारा विसरतो. तो आकडा १९च्या रात्री तयार झाला आणि आपण तो साठ वर्षे तोंडपाठ केला. १९च्या सकाळी बेतीच्या काठावरून मांडवी ओलांडणाऱ्या जवानांना समोर पणजीत आपल्याला कुणी अडवणार नाही हे ठाऊक नव्हते. पूल नव्हता. मिळेल त्या होडीत बसायचे, बंदूक गुडघ्यांत धरायची, आणि वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यागणिक मोठ्या होत जाणाऱ्या पलीकडच्या खिडक्यांपैकी कुठली उघडी आहे ते पाहत राहायचे, एवढेच त्यांच्या हाती होते.